प्लग कुठाय?

सांगलीच्या काकांनी फोटो स्टुडिओ बंद केला आणि त्यांची डार्करूम टेम्पोत बसून साताऱ्याला आमच्याकडे आली. सोबत भडंगाची पिशवी होती, ती तासाभरात संपली. डार्करूम अजून पुरते आहे.

अंगणात उतरलेलं ते उंच खांबाचं यंत्र शेजारच्या अण्णांना दातांच्या डॉक्टरकडचं वाटलं. आईने त्याचा भाता बघून पेटीवाल्याचं ठरवलं. मी पाटीवरची धूळ पुसली : मीओप्टा, ओपेमस. म्हणजे चेकोस्लोव्हाकियातल्या प्रेरोव गावचा, निगेटिव्हवरून मोठा फोटो छापणारा एन्लार्जर! वरच्या डब्यात दुधी बल्ब, खाली कंडेन्सरची भिंगं, मग निगेटिव्हची चौकट, भाता आणि टोकाला बेलार लेन्स. तिच्यावर ७५ मिलिमीटर लिहिलेलं, म्हणजे ती ६ बाय ६ सेंटिमीटरच्या निगेटिव्हची. आपल्या आग्फा क्लिक थ्रीने काढलेल्या फोटोंची. ३५ मिलिमीटरच्या रोलला ५०ची लेन्स लावतात. एवढं सांगेपर्यंत अण्णांनी वायर हातात घेतली होती. ‘‘प्लग कुठाय?’’

जुनं यंत्र दुरुस्त करणं म्हणजे मुख्यतः अण्णांना अडवणं. वायर कापडी वेष्टणाची, आतलं रबर बोटाने दाबलं की भुगा. दोनच पिना, अर्थिंगचा पत्ता नाही, आणि अंग सगळं धातूचं. त्यातून एक तार डब्याला टेकली की खांबासकट सगळा सांगाडा जिवंत. तो धरणाऱ्याचे हात हायपोने, म्हणजे फोटो पक्का करायच्या द्रावणाने, ओले असणार, हे वेगळं सांगायला नको. तेव्हा आधी तीन तारांची नवी वायर, धातूला अर्थिंग, मगच प्लग. बल्बच्या डब्यात पांढरट पुठ्ठ्यासारखा थर दिसला तर तो अ‍ॅस्बेस्टॉसचा असू शकतो. खरवडायचा नाही, फुंकर तर अजिबात नाही. अण्णांनी गाल फुगवलेच होते.

लेन्समध्ये कोळिष्टकासारखी बुरशी निघाली. त्यात नवल नाही. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेलं. ज्या घरांत शिरलं नाही तिथंही दमट हवा शिरलीच. अण्णांनी टूथपेस्ट सुचवली. ती घासली तर बुरशीबरोबर काचेवरचा लेपही जातो, म्हणून लेन्स आणि अण्णा दोघांनाही लांब ठेवलं.

खरा धसका बाटल्यांचा. काकांनी रसायनं कोकम सरबताच्या बाटल्यांत भरलेली, चिठ्ठ्या कसरीने खाल्लेल्या. फोन लावला. ‘‘काका, लाल खड्यांच्या बाटलीत काय आहे हो?’’

‘‘जे होतं तेच असणार. तिथं कोण बदलायला येतंय?’’

बरंच खोदल्यावर पोटॅशियम फेरीसायनाइड निघालं. काळवंडलेली निगेटिव्ह उजळायला ते हायपोत घालतात. पण त्यावर तीव्र आम्ल पडलं तर विषारी सायनाइड वायू सुटू शकतो, आणि आमच्याकडे त्याच फळीवर संडास धुवायचं अ‍ॅसिड! दोघांची त्याच दिवशी ताटातूट केली. अनोळखी बाटल्या मोरीत ओतायच्या नाहीत, एकीतली दुसरीत तर नाहीच. वास घेऊन ओळखायचा उद्योग तर अण्णांनीही करू नये.

राहिला लाल दिवा. कृष्णधवल फोटोच्या कागदाला लाल उजेड दिसत नाही म्हणतात, पण बल्बागणिक फरक. काकांचा दिवा फुटलेला, म्हणून हिने देवघरातला लाल झिरोचा बल्ब काढून दिला. नव्या कागदावर रुपया ठेवायचा, काही मिनिटं दिव्याखाली राहू द्यायचा आणि कागद धुवायचा. रुपयाचा पांढरा गोल उमटला तर दिवा नापास. गोल उमटला नाही. सध्या आमची पूजा ट्यूबलाइटवर चालू आहे.