चौदाव्या लुईचे बूट आणि माझे

युरोपीय संघातल्या देशात राहणाऱ्या आणि वयाची २६ वर्षं पूर्ण न झालेल्या माणसाला व्हर्सायचा राजवाडा फुकट बघायला मिळतो. पॅरिसजवळच्या एका विद्यापीठात शिकत असल्यामुळे मी पहिल्या अटीत बसत होते आणि दुसरीतून लवकरच बाहेर पडणार होते. वाढदिवस तोंडावर आला की लोकांना आयुष्याचा हिशेब वगैरे सुचतो. मला फक्त वाचणारं तिकीट दिसत होतं. मी कोल्हापूरची आहे. आम्ही खर्चाला भीत नाही, पण फुकट मिळणारी गोष्ट सोडली तर रात्री झोप लागत नाही.

सोबत कुणीच नव्हतं. वर्गातल्या फ्रेंच पोरांना शाळेच्या सहलीत व्हर्साय दाखवून झालेलं असतं, त्यामुळे नाव काढलं की त्यांच्या चेहऱ्यावर दुपारचा कंटाळा पसरतो. तेव्हा फेब्रुवारीतल्या एका ओल्या बुधवारी मी एकटीच निघाले. पाठीवर पिशवी, पिशवीत चटणी-चपातीची गुंडाळी, आणि पायात ते बूट.

बुटांबद्दल सविस्तर सांगणं भाग आहे. राजवाड्याबद्दल तुम्हाला कुठंही वाचायला मिळेल.

हे बूट पूर्वी कधीतरी मनालीच्या सहलीसाठी घेतले होते. सहल रद्द झाली, बूट राहिले. आईनं ते कागदात गुंडाळून, खोक्यात घालून, कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवले. मी परदेशी निघाले तेव्हा तिनं ते असे काही काढले की जणू पिढीजात दागिना. "एकदा पन घातल्यालं न्हाईत, कोरं करकरीत हाईत," असं तिचं म्हणणं. ते खरंच होतं. वरून ते इतके नवे होते की विमानतळावर एका बाईनं कुठून घेतले म्हणून विचारलं होतं.

आता गंमत अशी की मी इथं पॉलिमर शिकते. अशा बुटांचे जाड, हलके, मऊ तळवे बहुधा पॉलियुरेथेनचे असतात, आणि त्यातल्या बऱ्याच प्रकारांना पाण्याचं वावडं असतं. हवेतली वाफ हळूहळू आत शिरते, पॉलिमरच्या साखळ्या तोडत जाते, आणि एक दिवस तळवा आतून भुसभुशीत होतो. याला जलविघटन म्हणतात. यातला खरा चावटपणा म्हणजे बूट वापरला नाही तरी ते थांबत नाही. उलट बंद खोक्यात, दमट कपाटात ते निवांत चालू राहतं. आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात आमच्या कपाटाच्या वरच्या फळीइतकी दमट जागा पृथ्वीवर फार नसेल. म्हणजे तो खोका आईच्या लेखी तिजोरी होता आणि रसायनशास्त्राच्या लेखी भट्टी.

लोकल गाडीनं व्हर्सायच्या स्टेशनवर उतरलं की दहा मिनिटांत राजवाड्यासमोर येतो. समोर सोन्याचं पाणी दिलेलं फाटक, मागे मैदानभर पसरलेली इमारत, आत २,३०० खोल्या. आणि फाटकापासून दारापर्यंत दगडी चिऱ्यांचं अंगण. हे चिरे दिसायला फार देखणे आहेत. त्यावरून चालताना मात्र प्रत्येक पाऊल वेगळ्या कोनात पडतं. बहुतेक इथंच माझ्या उजव्या बुटानं अखेरचा निर्णय घेतला.

आवाज पहिल्यांदा आला तो हर्क्युलिसच्या दालनात. फटक. मी मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. दोन पावलं टाकली. फटक, फटक.

या दालनाच्या छतावर फ्रांस्वा लमुआन या चित्रकाराचं अवाढव्य चित्र आहे. त्यात १४२ आकृत्या आहेत, आणि ते पुरं झाल्यावर वर्षभराच्या आत त्यानं आत्महत्या केली. बाकी सगळे माना वर करून त्याचं काम बघत होते. मी एकटीच मान खाली घालून बघत होते. उजव्या बुटाचा तळवा चवड्याकडून सुटला होता आणि पाऊल उचललं की जबडा वासून माझ्याकडे पाहत होता.

याच दालनात १० ऑगस्ट १७८८ रोजी टिपू सुलतानाचे तीन वकील सोळाव्या लुईसमोर उभे राहिले होते. इंग्रजांविरुद्ध फौज द्या, असं मागणं घेऊन ते श्रीरंगपट्टणहून इथवर आले. त्यांचे कपडे बघायला पॅरिसकरांनी गर्दी केली होती. लुईकडे फौजेसाठी पैसा नव्हता. त्यांना पाहुणचार मिळाला, चिनी मातीची सुंदर भांडी मिळाली, फौज काही मिळाली नाही. बरोबर अकरा वर्षं आधी पुण्यात याच्या उलट नाटक झालं होतं. सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ आपण राजाचे वकील आहोत असं सांगत नाना फडणवीसांच्या दरबारी आला, आणि मुंबईकर इंग्रजांच्या पोटात गोळा उठला. त्यातूनही नानांच्या हाती फ्रेंच फौज लागली नाहीच. फ्रेंचांकडून मदतीची अपेक्षा ठेवायची नाही, हे मी मनाशी पक्कं केलं आणि आईला फोन लावला.

"अगं, फेविक्विक नेलं न्हाईस व्हय?" तिनं विचारलं.

"आई, मी राजवाड्यात आहे."

"मग राजवाड्यात काय फेविक्विक नेत न्हाईत?"

पुढची दालनं मी शुक्र, डायना, मंगळ, बुध या क्रमानं घसटत पार केली. पाय न उचलता सरकत चालल्यास आवाज कमी होतो, हा शोध मंगळाच्या दालनात लागला. माझ्या मागून एक जपानी आजोबा चालत होते. ते काही वेळानं तसेच सरकत चालायला लागले. इथं हीच पद्धत असावी असा त्यांचा समज झाला असणार.

अपोलोच्या दालनात चौदावा लुई भिंतीवरून माझ्याकडे बघत होता. हे १७०१ सालचं रिगोनं काढलेलं चित्र तुम्ही पाहिलेलं असेल: खांद्यावरून उलटा पडलेला निळा-पांढरा झगा, डोक्यावर केसांचा डोंगर, आणि साठीतला राजा पांढऱ्या मोज्यांतली पोटरी पुढे काढून उभा. चित्राची मूळ प्रत लूव्रमध्ये आहे, इथं नक्कल आहे. मी आजवर त्याच्या चेहऱ्याकडे बघत आले होते. त्या दिवशी थेट पायाकडे बघितलं. उंच टाचा, आणि टाचा लालभडक. लाल टाचा घालायचा मान दरबारातल्या खानदानी लोकांनाच होता. ज्याची टाच लाल त्याची राजाकडे ऊठबस, हे लांबूनच कळायचं. आमच्या गावात चप्पल करकर वाजली की माणूस वजनदार समजतात. माझं पायताण वाजत होतं, पण त्यात वजन नव्हतं.

आणि मग आरसेमहाल.

त्याची लांबी ७३ मीटर. एका बाजूला १७ कमानदार खिडक्या, समोर तितक्याच कमानींत बसवलेले ३५७ आरसे. त्या काळी चांगला आरसा म्हणजे व्हेनिसची मक्तेदारी. ती मोडायला कोल्बेर या मंत्र्यानं १६६५ मध्ये राजाचा कारखाना काढला आणि व्हेनिसचे कारागीर फोडून आणले. तो कारखाना म्हणजेच आजची सेंट-गोबेन. आपल्याकडच्या कितीतरी खिडक्यांत तिचीच काच असते. इथंच १८७१ मध्ये जर्मन साम्राज्याची घोषणा झाली. इथंच २८ जून १९१९ रोजी पहिल्या महायुद्धाचा तह झाला आणि त्यावर भारताच्या वतीनं बिकानेरच्या गंगासिंह महाराजांनी सही केली. एवढ्या जागतिक महत्त्वाच्या ठिकाणी निम्मी गर्दी आरशाकडे पाठ करून, फोनमध्ये स्वतःला बघत उभी होती. तीनशे सत्तावन्न आरसे असताना! या माणसांचं काय करावं मला खरंच कळत नाही. एका बाईनं तर मला बाजूला व्हायची खूण केली, कारण मी तिच्या इतिहासात येत होते.

मी बाजूला झाले. त्या हिसक्यात तळवा मधोमध मोडला. जळक्या भाकरीच्या कडेसारखे काळे तुकडे लाकडी फरशीवर सांडले. मागे पाहिलं तर ते आत्ताच सांडायला लागले नव्हते. पार युद्धदालनाच्या दारातून माझ्यापर्यंत काळ्या ठिपक्यांची माळ आली होती, आणि त्या माळेवरून वाकून बघत बघत गणवेशातली एक पहारेकरीण माझ्याच दिशेनं येत होती.

वय आईएवढं, अंगानं जाड, कमरेला वॉकीटॉकी. ती माझ्यापाशी येऊन थांबली. आधी बुटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मादमुआझेल, तुमचा बूट मरतोय."

मला हसावं की रडावं कळेना. माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये मी तिला जलविघटन समजावून सांगायला लागले. तिनं हात वर करून मला थांबवलं, वॉकीटॉकीत काहीतरी पुटपुटली, आणि मला कोपऱ्यातल्या स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. थोड्या वेळात एक पोरगेलासा सहकारी चिकटपट्टीचं भेंडोळं घेऊन आला. जिथं जायला मनाई असते तिथं लावतात ती, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची.

मला वाटलं, भेंडोळं माझ्या हातात देईल. ती खाली गुडघ्यावर बसली आणि तिनं माझा पाय उचलला. मी झटकन मागे घेतला. आईच्या वयाच्या बाईनं आपल्या पायाला हात लावायचा म्हणजे काय! "हलू नका," ती म्हणाली आणि पाय पुन्हा ओढून घेतला. मी पुन्हा मागे घेतला. याच वाड्यात राजाला सकाळी सदरा कुणी द्यायचा आणि रात्री तो झोपायला जाताना मेणबत्ती कुणी धरायची यावरून सरदारांत चढाओढ चालायची. माझ्या वाट्याला तो थाट फुकटात आला होता आणि मला तो सोसवत नव्हता. शेवटी तिनं डोळे वटारले तेव्हा मी पाय सोडून दिला. चवड्यावरून चार वेढे, टाचेवरून चार वेढे, दातानं पट्टी तोडली, वरून हातानं दाबून घट्ट केली. मग मागे सरून आपलं काम पाहिलं, टाचेवरच्या लाल पट्टीकडे बोट दाखवलं, मानेनं अपोलोच्या दालनाकडे खूण केली आणि म्हणाली, "आता जा. राजासमोर चालेल."

उठताना मी तिच्या हाताला हात लावून कपाळाला लावला. तिला त्याचा अर्थ कळला नसावा, पण तिनंही तसंच करून दाखवलं आणि केरसुणी आणायला निघून गेली.

राणीचं शेजघर पाहताना गर्दी तिच्या पलंगाचे कशिदे बघत होती. पलंगाच्या डाव्या अंगाला भिंतीच्या कापडात एक छोटं दार लपलेलं आहे. ६ ऑक्टोबर १७८९ च्या पहाटे जमाव आत घुसला तेव्हा मारी आंत्वानेत त्याच दारातून राजाकडे पळाली. आदल्या दिवशी पॅरिसच्या बाजारातल्या बायका पावसात भिजत, वीसेक किलोमीटर चालत इथं आल्या होत्या. भाकरी महाग झाली म्हणून. मी अंगणातून दालनापर्यंत आले तर माझा बूट मेला, आणि त्या दिवसभर चिखल तुडवत आल्या होत्या. फाटकाबाहेरच्या चिऱ्यांवरून त्याही अशाच वेड्यावाकड्या चालल्या असतील. दुसऱ्या दिवशी त्या राजाराणीला घेऊनच परत फिरल्या आणि राजा इथं पुन्हा कधी आला नाही. मी त्या दारापाशी बराच वेळ उभी राहिले. मागून लोक धक्के देत होते, देऊ दिले.

बागेबद्दल एका ओळीत: हिवाळ्यात प्रवेश फुकट असतो, कारंजी बंद असतात, आणि संगमरवरी पुतळे थंडी लागू नये म्हणून गुंडाळून ठेवलेले असतात. एका गुंडाळलेल्या पुतळ्याशेजारी बसून मी चटणी-चपाती खाल्ली. त्याच्या पायात काही नव्हतं.

डावा बूट परतीच्या स्टेशनवर गेला. दोघे एकाच खोक्यातले. वेगळं काय होणार होतं? गाडीतून उतरून मी जवळच्या दुकानात सगळ्यात स्वस्त जोडा घेतला. तो राजवाड्याच्या पूर्ण तिकिटापेक्षा महाग पडला. आईला हे अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

तुम्ही जाणार असाल तर सोमवार टाळा, त्या दिवशी राजवाडा बंद असतो. फुकटातलं तिकीट असलं तरी वेळ आधी नोंदवा. आणि कपाटाच्या वरच्या फळीवरचे नवेकोरे बूट काढलेच, तर निघण्याआधी तळव्यात अंगठ्याचं नख दाबून बघा. नख आत गेलं, तर बूट घरी ठेवा आणि चपला घालून जा.