गोळीला भारी, गोंदाला कच्ची

टेस्लाच्या सायबरट्रकची अमेरिकेत सध्या जी टवाळी चालली आहे, ती आम्हाला साफ नामंजूर आहे. चाकांवरची कचरापेटी म्हणे! टवाळांनी आधी विजेवर चालणाऱ्या या पोलादी पिकअप गाडीचं चरित्र वाचावं.

नोव्हेंबर २०१९. लॉस एंजेलिसजवळ गाडीचं थाटात अनावरण झालं. काच अभेद्य असल्याचं दाखवायला डिझायनरसाहेबांनी तिच्यावर पोलादी गोळा मारला. काच तडकली. मग मागच्या काचेवर मारला. तीही तडकली. याला म्हणतात दर्जातलं सातत्य.

किंमत ३९,९०० डॉलरपासून सांगितली होती. चार वर्षांनी गाड्या लोकांच्या हाती पडू लागल्या, तेव्हा मिळण्याजोग्या गाडीचा भाव ७९,९९० वर गेला होता. एका चार्जिंगमध्ये ५०० मैलांपर्यंत जाणारी गाडी तोवर ३४० मैलांवर आली होती. किंमत वर, पल्ला खाली. समतोल राखला गेला. मधल्या काळात, ही गाडी थोडा वेळ होडी म्हणूनही चालेल, असं टेस्लाप्रमुख मस्कसाहेबांनी सांगून ठेवलं होतं.

एप्रिल २०२४ मध्ये ३,८७८ गाड्या परत बोलवाव्या लागल्या. अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलवरचं आवरण सटकून पेडल दाबलेलंच अडकण्याचा धोका होता. कारण, जोडणी करताना ते सरकवायला साबण वापरला होता! मार्च २०२५ मध्ये ४६,०९६ गाड्यांची पाळी आली. छताच्या कडेची पोलादी पट्टी गोंद सुटून धावत्या गाडीवरून निखळू शकत होती. गाडी बंदुकीच्या गोळीला भीत नाही, अशी जाहिरात होती. साबण आणि गोंद यांचा उल्लेख जाहिरातीत नव्हता.

शंभर डॉलर भरून नाव नोंदवणारे दहा लाखांवर आहेत, असं मस्कसाहेब सांगत. वर्षाला अडीच लाख गाड्यांचा बेत होता. वाहनबाजाराचे आकडे ठेवणाऱ्या कॉक्स ऑटोमोटिव्हच्या अंदाजानुसार अमेरिकेत २०२४ मध्ये खपल्या सुमारे ३९ हजार आणि २०२५ मध्ये जेमतेम २० हजार. बाजारच मंद आहे म्हणावं, तर तशी सोयही आहे. फोर्डनेही डिसेंबर २०२५ मध्ये विजेवरच्या एफ-१५० लाइटनिंग पिकअपचा गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

पण फोर्डच्या मालकाने सरकारी नोकरकपातीचा सुरा हाती घेतला नव्हता. मस्कसाहेब ट्रम्प सरकारात शिरले आणि टेस्लाच्या दुकानांपुढे निदर्शनं सुरू झाली. ‘साहेबाचं डोकं फिरण्याआधी घेतलेली गाडी’ अशा अर्थाची स्टिकरं टेस्लावाल्यांनी आपणहून गाड्यांवर चिकटवली. (हा गोंद मात्र पक्का निघाला.) पिकअप वापरणाऱ्या शेतकऱ्या-सुताराला ही पिकअप वाटेना आणि पर्यावरणाच्या ओढीने विजेची गाडी घेणाऱ्याला तिचा धनी नकोसा झाला. आता उरलं कोण?

उरलं हवाई दल. ऑगस्ट २०२५ मध्ये बातमी आली की, अमेरिकी हवाई दलाला दोन सायबरट्रक हवे आहेत. क्षेपणास्त्रांचं लक्ष्य म्हणून. या गाड्या आघाताने अपेक्षेइतक्या मोडत नाहीत, म्हणून उद्या शत्रू त्या वापरील, असा त्यांचा होरा. जाहिरातीवर शब्दशः विश्वास ठेवणारं गिऱ्हाईक अखेर भेटलं! शिवाय अट किती उदार: गाडी चालू नसली तरी चालेल, ओढून नेता आली म्हणजे झालं. मस्कसाहेबांनी ही ऑर्डर हातची घालवू नये. फक्त ओढत नेताना पट्टी वाटेत पडणार नाही, एवढं बघावं.