दोनशे कोटींची साडेसाती

‘आपण म्हणजे ना, पनवती!’ असं कोणी म्हणालं की लोकांना त्याची दया येते. मला तर मराठीत याच्याइतका गर्विष्ठ शब्द दुसरा दिसत नाही. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादेत भारत विश्वचषकाचा अंतिम सामना हरला. आधी ओळीने दहा सामने जिंकलेला संघ हरलाच कसा, याची कारणं जाणकारांनी खेळपट्टीत, दवात आणि ट्रॅव्हिस हेडच्या १३७ धावांत शोधली. खरं कारण आम्हाला ठाऊक होतं, ते म्हणजे आम्ही टीव्ही लावला. आम्ही सोफ्यावर बसलो की अहमदाबादेत विकेटी पडतात. एवढे अधिकार तिसऱ्या पंचालाही नसतात. आधीचे दहा सामने आम्ही कुठे बसून पाहिले, हा प्रश्न मात्र विचारायचा नाही. पनवतीला विजय आठवत नसतात.

शब्द तसा ज्योतिषातला. गुजरातीत शनीच्या पीडेला पनोती म्हणतात आणि त्याच गुजरातीत ‘पनोता पुत्र’ म्हणजे भाग्यवान, सुलक्षणी मुलगा! या दोघांचं नातं काय, याचा निवाडा व्युत्पत्तिकारांनी करावा. मला त्यात आपल्याच घरातली जुनी लबाडी ओळखू येते. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, ती वाढवते. देवापुढचा नारळही वाढवतात. निरांजन विझवत नाहीत, शांत करतात. बाहेर पडणारा माणूस ‘जातो’ म्हणाला तर त्याला उंबऱ्यावरून परत बोलावून ‘येतो’ म्हणायला लावतात. रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही, जनावर म्हणायचं. जणू सापाला मराठी कळतं, पण समानार्थी शब्द कळत नाहीत. अंगभर फोड उठवणाऱ्या रोगाला तर आपण थेट देवी केलं. आणि मंगळ? नावाचा अर्थ कल्याण, काम जमलेली लग्नं मोडण्याचं. या मंडळींत सरळ माणूस एकच, शनी. शनैश्चर म्हणजे सावकाश चालणारा, आणि तो खरोखरच सावकाश चालतो. ज्याने नाव बदलून घेतलं नाही, तोच बदनाम झाला.

त्याच्या चालीचा हिशेब सोपा आहे. सूर्याभोवतीच्या एका फेरीला त्याला सुमारे साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे एका राशीत अडीच. आपल्या चंद्रराशीच्या मागची रास, आपली आणि पुढची, अशा तिन्हींत मिळून साडेसात. म्हणजे बारांपैकी तीन राशींना साडेसाती कायमचीच चालू असते. जगाची लोकसंख्या आठशे कोटींच्या वर. तेव्हा या क्षणी ढोबळमानाने दोनशे कोटी माणसं साडेसातीत आहेत. एवढ्या गर्दीत शनी नेमकं माझंच प्रमोशन अडवून बसला आहे, हे मानायला जी छाती लागते ती माझ्याकडे आहे. सूर्यापासून सुमारे १४३ कोटी किलोमीटरवरचा, कडी मिरवणारा ग्रह आपल्या फायलीत लक्ष घालतो. साहेब तर तेवढंही घालत नाहीत. यावर कोणी म्हणेल, साडेसातीने माणसाला धीर येतो. ते मला मान्य आहे. सुटकेची तारीख आधीच सांगणारं संकट दुसरं कुठलं? कोर्टातल्या दाव्याला ही सोय नाही. शनिवारी मारुतीला तेल वाहून ज्याला झोप लागते, त्याची झोप मोडायला मी जाणार नाही.

‘मग शब्दावर एवढा राग कशाला, गंमतच आहे,’ हा आक्षेप मात्र मी अर्धाच मानतो. स्वतःला पनवती म्हणणं गंमत. दुसऱ्याला म्हटलं की तो निकाल होतो, आणि त्यावर अपील नसतं. नवी सून आली आणि सासऱ्याचा धंदा बुडाला, तर ती पांढऱ्या पायाची. जावई आल्यावर सासऱ्याची सगळी शिल्लक संपते, तरी जावयाचा पायगुण काढल्याचं ऐकिवात नाही. आधीची मुलं दगावलेल्या घरात नवसाच्या मुलाचं नाव धोंडू किंवा दगडू ठेवत. मूल क्षुद्र वाटून नियतीने दुर्लक्ष करावं, म्हणून प्रेमापोटी केलेली ती फसवणूक होती. मुलीचं नाव ‘नकुशी’ ठेवताना फसवणूक कुठेच नव्हती. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून जास्त मुलींना समारंभपूर्वक नवी नावं दिली गेली. तोवर शाळेच्या हजेरीत त्या रोज आपल्याच तोंडाने ‘हजर’ म्हणत होत्या.

तेव्हा हा शब्द टाकू नका, फक्त प्रथमपुरुषी एकवचनात वापरा. पुढचा अंतिम सामना भारत हरला तर तो माझ्यामुळे हरला असं खुशाल म्हणा. शेजारच्या घरी नवी सून आली असेल, तर तिला टीव्हीसमोर बसू द्या.