आप्पा एन-४०० भरतात

आप्पांना कोरा रकाना बघवत नाही. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात ३४ वर्षं दुसऱ्यांचे रकाने तपासण्यात गेली, त्याचा परिणाम असेल. समोर फॉर्म आला की आप्पा आधी चष्मा पुसतात, मग टेबल पुसतात, मग जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीने समास आखतात. "आधी कच्चं, मग पक्कं." बँकेचा केवायसी असो, गॅसचं कनेक्शन असो, नाहीतर हॉटेलात बिलाबरोबर येणारा 'आमची सेवा कशी वाटली?' हा कागद असो, आप्पा अथपासून इतिपर्यंत भरतात आणि सगळ्यात खाली, जागा असो वा नसो, लिहितात: 'सोबत पुरवणी जोडली आहे.'

आप्पांना खोटं बोलता येत नाही असं मुळीच नाही. कोथिंबिरीची जुडी केवढ्याला आणली हे ते माईंना बिनदिक्कत कमी करून सांगतात. पण ते तोंडी. लेखी आलं की त्यांचा हरिश्चंद्र होतो. "तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं. लेखी आहे तिथे सही आपली असते. उद्या कुणी काढलं तर?" हा 'कुणी' उभ्या नोकरीत एकदाही आला नाही, तरी आप्पा आजही त्याच्यासाठी कागद लावून ठेवतात.

हे आप्पा हल्ली न्यू जर्सीत, एडिसनला मुलाकडे असतात. ग्रीन कार्डाला पाच वर्षं होत आली तेव्हा सिटिझनशिपचा विषय मुलानेच काढला. ग्रीन कार्डवाला सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिला की परतताना त्याला प्रश्न विचारतात, आणि वर्ष उलटलं तर कार्डच धोक्यात येतं. साताऱ्याच्या घरी आंबे, गणपती, दिवाळी आणि हुरडा हे सगळं एकाच खेपेत उरकायचं, तर अमेरिकेचा नागरिक झालेलं बरं. साताऱ्यात निवांत राहता यावं म्हणून अमेरिकन व्हायचं, हा हिशेब इथल्या पुष्कळ आई-वडिलांना पटलेला आहे. आप्पांनाही पटला. मुलाने एन-४०० छापून आणला. चौदा पानं. "रविवारी दुपारी बसून संपवू," तो म्हणाला. कोणत्या रविवारी, ते मात्र बोलला नाही.

मी मुलाचा मित्र आणि शेजारी. प्रिंटर माझ्याकडे आहे, म्हणून या यज्ञात माझीही समिधा पडली. हा फॉर्म ऑनलाइन भरला तर फी ७१० डॉलर, कागदावर भरला तर ७६०. एक डॉलर वाचवायला दोन दुकानं जास्त फिरणारे आप्पा ठामपणे कागदावर गेले. कारण विचारलं तर म्हणाले, "कॉम्प्युटरला समास नसतो."

पहिलं घोडं नावापाशी अडलं. जन्मापासून वापरलेली सगळी नावं द्या, टोपणनावंसुद्धा, असं फॉर्म म्हणतो. आप्पांनी कच्च्यात लिहिलं: पाळण्यातलं नाव, शाळेतलं नाव, आडनाव आधी लावून लिहिलेलं सर्टिफिकेटवरचं नाव, आत्याने ठेवलेलं 'बंड्या', कचेरीतलं 'रावसाहेब', आणि 'आप्पा'. माईंचा फॉर्म तर आणखी अवघड. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं आणि एका संध्याकाळी त्यांचं नाव, मधलं नाव आणि आडनाव, तिन्ही बदलली. "म्हणजे मी पूर्वी कुणी दुसरीच होते म्हणायची," माई म्हणाल्या आणि कुकर लावायला उठल्या. त्यांचा फॉर्म त्या दिवशी तिथेच थांबला.

मग जन्मतारीख. पासपोर्टवर १ जून १९५१. आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जूनला उरकला आहे, तसा आप्पांचाही. पत्रिकेप्रमाणे जन्म चैत्रातला, हनुमान जयंतीचा.

"पासपोर्टवर आहे तीच लिहायची, आप्पा."

"म्हणजे खोटी?"

"सरकारी."

या शब्दाने आप्पांचं समाधान झालं. सरकारी तारीख खोटी नसते, ती फक्त वेगळी असते, हे ज्ञान त्यांना नोकरीतच झालं होतं. तरी पुरवणीत चैत्र आलाच.

डोळ्यांच्या रंगाचे पर्याय वाचून आप्पा हरखले. काळा, तपकिरी, निळा हे ठीक, पण मरून आणि गुलाबीसुद्धा! "गुलाबी डोळ्यांचा माणूस येत असेल का रे इकडे?" केसांच्या रंगात 'टक्कल' हाही एक पर्याय आहे. मुलगा त्यावर खूण करणार, तेवढ्यात आप्पांनी कानांमागची झालर बोटांनी वर उचलून दाखवली. "हे काय आहे मग?" शेवटी 'करडा' ठरला. माईंनी स्वयंपाकघरातून हसून घेतलं.

गेल्या पाच वर्षांत देशाबाहेर २४ तास किंवा जास्त राहिलात तर ती प्रत्येक खेप लिहायची असते. कारण पाच वर्षांतले निदान तीस महिने तुम्ही इथे असायला हवे. इतरांची इथे पासपोर्टवरचे शिक्के शोधताना दमछाक होते. आप्पांकडे डायऱ्या होत्या, त्यात विमानाचं गेट आणि मिळालेल्या जेवणाचा शेरासुद्धा होता. अडचण एकच, नायगरा. मुलाने धबधबा कॅनडाच्या बाजूनेही दाखवला होता. शनिवारी दुपारी ४ ला पूल ओलांडला, रविवारी ३.२० ला परत. २३ तास २० मिनिटं.

"चोवीस नाहीत, आप्पा. लिहायचं नाही."

"पण गेलो तर होतो!"

पुरवणी.

हे सगळं म्हणजे नांदी होती. खरं नाटक पुढे, जिथे प्रश्नांची सुरुवात 'तुम्ही कधी तरी…' अशी होते आणि उत्तराला 'होय' आणि 'नाही' असे दोनच चौकोन असतात. साधा माणूस या पानावर भराभर 'नाही, नाही, नाही' करत खाली उतरतो. आप्पा एकेका प्रश्नापाशी मुक्काम करतात.

जगात कुठेही कम्युनिस्ट पक्षाशी तुमचा कोणत्याही प्रकारे संबंध आला होता का? आप्पांनी पेन्सिल खाली ठेवली. कॉलेजात असताना कॉम्रेड डांग्यांचं भाषण ऐकलं होतं, तेही उभ्याने. शिवाय वाड्यात एक कॉम्रेड भाडेकरू होते आणि त्यांची छत्री आप्पांकडे राहून गेली होती. "हा संबंध झाला ना?" मुलगा म्हणाला, "छत्रीशी झाला."

वंशपरंपरागत पदवी किंवा सरदारकी कधी होती का? असल्यास सोडायला तयार आहात का? इथे आप्पांच्या चेहऱ्यावर वेगळंच तेज आलं. आजोबांकडे तीन गावांचं कुलकर्णी वतन होतं. १९५० च्या कायद्याने ते १ मे १९५१ ला गेलं. "सरकारी तारखेने माझा जन्म त्याच्या नंतरचा. पण पत्रिकेने बघितलं तर आठ-दहा दिवस मी वतनदाराचा नातू होतो." आणि थोडं थांबून, "मोरारजींनी काढून घेतलेलं मी आता सोडू कसं?"

बंदुकीचं किंवा लष्करी धर्तीचं प्रशिक्षण घेतलंय का? एन.सी.सी.त पॉइंट टू-टूची रायफल चालवली होती. गोळी निशाणाला लागली नव्हती, हेही लिहू का, असं त्यांनी विचारलं.

आणि मग तो प्रश्न आला. असा एखादा गुन्हा तुमच्या हातून घडला आहे का, ज्यासाठी तुम्हाला अटक झाली नाही? आप्पांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हा प्रश्न चित्रगुप्ताने काढलाय." त्या रात्री ते जेवले कमी. सकाळी कॅलेंडरच्या मागे यादी तयार होती. मिरज-कोल्हापूर पॅसेंजरने विनातिकीट प्रवास, एकदा. दुसऱ्याच्या आवारातले पेरू, अनेकदा. सार्वजनिक वाचनालयाचं एक पुस्तक, जे परत करायचं राहिलं ते राहिलंच. कचेरीतल्या टाचण्या.

"टाचण्या?" मी विचारलं.

"घरी आणल्या होत्या. मोजल्या नाहीत, हीच चूक."

बागेतल्या बाकावरच्या एका स्नेह्याने भलेपणाने स्वतःचा जुना फॉर्म सरावाला दिला आणि त्याने आगीत तेल पडलं. त्या आवृत्तीत आयुष्यभरात ज्या ज्या संस्था, मंडळं, क्लब यांचे सभासद होतात त्या सगळ्यांची नावं, उद्देश आणि काळ विचारला होता. ते आता नव्या फॉर्मात नाही असं सांगेपर्यंत आप्पांनी गणेशोत्सव मंडळ, पतपेढी, हाउसिंग सोसायटी, हास्य क्लब आणि भिशी एवढं लिहून काढलं होतं. भिशीच्या उद्देशापुढे 'परस्पर विश्वास' असं होतं. त्याच फॉर्मात २३ मार्च १९३३ ते ८ मे १९४५ या काळात तुम्ही नाझी सरकारसाठी काम केलंत का, असाही प्रश्न होता. तेव्हा आप्पा जन्मलेच नव्हते. तरी त्यांनी 'नाही' लिहिण्याआधी क्षणभर विचार केला.

मुलगा वैतागला. त्याने कुठूनसं शोधून आणलं की २०१७ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलंय, नागरिकत्व मिळण्याशी ज्याचा संबंध नाही अशा किरकोळ खोट्यावरून गुन्हा लावून ते काढून घेता येत नाही. आप्पांनी शांतपणे विचारलं, "किरकोळ म्हणजे किती?"

अखेर एका मराठी वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी पेरू, टाचण्या, छत्री, वतन आणि वाचनालय हसत हसत बाजूला काढलं. मग त्यांनी विचारलं, "कधी पोलिसांनी ताब्यात घेतलं होतं?" मुलगा 'नाही' म्हणाला. आप्पा 'हो' म्हणाले. १९७७-७८ मध्ये राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप झाला, त्यात मोर्चातून पोलिसांनी त्यांना गाडीत घातलं, मैदानावर नेलं, चहा दिला आणि संध्याकाळी सोडलं. मुलाला हे पहिल्यांदाच कळत होतं. वकीलबाई म्हणाल्या, "हे लिहायलाच हवं. खटला झाला नसला, इथे घडलं नसलं, तरीही. एन.सी.सी. पण लिहा." या पानावर माणसं अडकतात ती बहुधा केलेल्या गोष्टीमुळे नव्हे, तर लपवलेल्या गोष्टीमुळे, हे त्यांनी समजावलं. आप्पांनी मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही. ऑडिटमध्ये आपली हरकत मान्य झाली की न बघण्याची एक पद्धत असते.

परतताना मी म्हटलं, "आप्पा, एवढा त्रास कशाला करून घेता?" तेव्हा ते जे बोलले ते पुरवणीत नव्हतं. लायब्ररीतून त्यांनी इथल्या हिंदी लोकांचा इतिहास आणून वाचला होता. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हिंदी माणूस 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. थिंड यांची बाजू मांडणारे वकील होते सखाराम गणेश पंडित. पुढे सरकारने पंडितांचंही नागरिकत्व काढायला घेतलं आणि ते त्यांनी कोर्टात लढून राखलं. बाकीच्यांसाठी दार उघडायला १९४६ चा कायदा यावा लागला. "त्या लोकांना उत्तरं द्यायची होती रे, पण त्यांना कुणी प्रश्नच विचारत नव्हतं. मला चौदा पानं मिळालीत. ती निष्काळजीपणे भरू?"

यावर मला काही बोलता आलं नाही.

मुलाखत झाली. नव्या परीक्षेसाठी १२८ प्रश्न तयार करायचे असतात, त्यातले २० पर्यंत विचारतात आणि १२ बरोबर आले की पास. आप्पांची पहिली बाराही उत्तरं बरोबर आली, म्हणून अधिकाऱ्याने तिथेच थांबवलं. आप्पा बाहेर आले ते नाराज. "उरलेले विचारलेच नाहीत! मग पाठ कशाला करायला लावले?" संपाबद्दल अधिकाऱ्याने विचारलं, ऐकून घेतलं आणि टिकमार्क केली. देशासाठी शस्त्र उचलाल का, यावर आप्पा 'यस' म्हणाले आणि पुढे 'बट' म्हणणार होते, पण वकीलबाईंनी 'बट' म्हणायचं नाही अशी शपथ आधीच घातली होती. शस्त्राचं ऐकून माई म्हणाल्या, "झुरळ दिसलं तर मला हाक मारतात."

शपथविधीच्या पत्राबरोबर आणखी एक फॉर्म आला, मुलाखतीनंतरच्या दिवसांत काय काय घडलं ते विचारणारा. परदेशी गेलात का, लग्न केलंत का, काही गुन्हा घडला का. मुलाने डोक्याला हात लावला. आप्पांनी चष्मा पुसला.

तुमच्या घरी असे आप्पा असतील तर दोनच गोष्टी सांगतो. अटक, कर, बाहेर राहिलेले दिवस, पूर्वी कुठे दिलेली माहिती, अशा प्रश्नांवर जरा जरी शंका आली तरी 'नाही'वर खूण करायची घाई करू नका, पैसे खर्चून वकिलाला विचारा. आणि पेरू, छत्री, भिशी यांची पुरवणी सरकारला जोडू देऊ नका. ती तुम्ही बसून ऐका. वडील संपात पकडले गेले होते हे मुलाला चाळिशीत एका परक्या सरकारच्या फॉर्ममुळे कळावं, हे काही बरं नाही.