बिनव्याजी हप्ता
हप्त्यावरचा मोबाइल आजच खिशात येतो, आपला व्हायला मात्र वर्ष लागते. अमेरिकेत टी-मोबाइलने 2013 मध्ये दोन वर्षांचे करार मोडीत काढून हप्ते आणले, तेव्हा ती ग्राहकाची मुक्ती ठरली. इंदापूर तालुक्यातल्या वरकुटे गावाला कराराने बांधले होते कधी? रिचार्ज संपला की सिम बदलायचे, एवढाच तो करार. रिलायन्सने 2003 मध्ये 501 रुपयांत फोन हाती देऊन मासिक बिलाची सवय लावून पाहिली. गाजली ती थकबाकी.

हप्त्याला आधार, पॅन आणि काउंटरवर उभ्याउभ्या काढलेला फोटो पुरतो. ओटीपी जुन्या बटणाच्या फोनवर येतो आणि नव्याचे कर्ज मंजूर करून जातो. पाटीवर ‘बिनव्याजी’ लिहिलेले असते; म्हणजे व्याज किमतीत मुरवलेले, नाहीतर ‘प्रोसेसिंग फी’ या नावाने वावरणारे. शून्य टक्के व्याज अशी चीजच नसते, असे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्ये बँकांना बजावले. पाटी अजून तिथेच आहे.

हप्ता भरायचा दुधाच्या पगारातून, ओढाताण झाली तर उसाच्या बिलातून. उसाचे पैसे कारखान्याने 14 दिवसांत द्यावेत, उशीर झाल्यास 15 टक्के व्याज द्यावे, असा कायदा आहे. हे व्याज शेतकऱ्याला बहुधा आंदोलनाच्या भाषणातच भेटते. हप्त्याची तारीख मात्र तोड आली का, हे विचारत नाही. खाते रिकामे दिसले की बाउन्स चार्ज. काच साधारण चौथ्या हप्त्याला तडकते. उरलेले आठ तडकलेल्या काचेवरच भरले जातात.