चाळिशीतल्या चाहत्याने संसारात कसे राहावे

ज्यांच्या दिवाणात इंद्रजाल कॉमिक्स आहेत, कपाटाच्या वरच्या खणात बंद पडलेला वॉकमन आहे आणि अंडरटेकरची घंटा वाजली की ज्यांच्या अंगावर अजूनही काटा येतो, अशा विवाहित, पगारदार, घराचे हप्ते फेडणाऱ्या गृहस्थांसाठी हे मार्गदर्शन आहे. अविवाहितांनी आपल्या वस्तू हव्या तिथे पसराव्यात. त्यांना सल्ल्याची गरज नाही.

आधी कुस्ती, कारण त्यात सासरे येतात.

रविवारी दुपारी जेवणानंतर तुम्ही जुनी लढत लावून बसलेले असता. सासरे पेपरमधून मान वर काढतात आणि म्हणतात, “जावईबापू, ही सगळी नुरा कुस्ती. आधी ठरलेलं असतं.” सासुरवाडी सांगली-कोल्हापूरकडची असेल, तर हे वाक्य दर भेटीत ऐकण्याची तयारी ठेवावी. नवशिका चाहता इथे चिडतो आणि “नाही हो, खरंच लागतं त्यांना” असे म्हणून स्वतःची शोभा करून घेतो. तुम्ही चिडू नये. शांतपणे सांगावे की ही गोष्ट डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीने १९८९ सालीच न्यू जर्सीच्या सिनेटसमोर मान्य केली आहे. आमचा हा खेळ नव्हे, करमणूक आहे, तेव्हा क्रीडा आयोगाची देखरेख आमच्यावर नको, असा त्यांचा व्यवहारी युक्तिवाद होता. आरोप असा आधीच कबूल केला की सासऱ्यांकडे दुसरा मुद्दा उरत नाही. मग हळूच २८ जून १९९८ ची पिट्सबर्गमधली लढत लावावी. अंडरटेकरने मिक फोलीला सोळा फुटी पिंजऱ्यावरून खाली, समालोचकांच्या टेबलावर फेकले, ती. पडायचे हे आधी ठरलेले होते. टेबलाला मात्र कुणी मऊ व्हायला सांगितले नव्हते. सासरे चष्मा पुसतील. रिमोट हातचा सोडू नये.

त्यांनी खाशाबा जाधवांचे नाव काढले, तर मात्र टीव्ही बंद करावा. १९५२, हेलसिंकी, कांस्यपदक, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. इथे वाद घालणारा जावई पुढच्या दिवाळसणाला बोलावण्याच्या लायकीचा नाही, असे आमचेही मत आहे.

काही पथ्ये. कंपनीने २००२ मध्ये नाव बदलून डब्ल्यूडब्ल्यूई केले, कारण पांडाचे चिन्ह मिरवणारी निसर्गरक्षणाची संस्था त्याच आद्याक्षरांवर हक्क सांगत कोर्टात गेली आणि जिंकली. आपण कुठल्याही कोर्टात हरलेलो नाही, तेव्हा आपण डब्ल्यूडब्ल्यूएफच म्हणावे. ट्रम्प कार्डे रबर लावून ठेवू नयेत, रबर वितळून योकोझुनाच्या पोटाला चिकटते. आणि ‘खिलाडियों का खिलाडी’ या १९९६ च्या चित्रपटात अक्षयकुमारने खऱ्या अंडरटेकरला उचलून आपटले, असे शपथेवर सांगणारा एक मित्र प्रत्येकाला असतो. तो अंडरटेकर म्हणजे ब्रायन ली. गंमत अशी की १९९४ च्या समरस्लॅममध्ये खऱ्या अंडरटेकरसमोर तोतया म्हणून हाच उभा राहिला होता. म्हणजे नुऱ्या कुस्तीतला तोतया आपल्याकडे येऊन अस्सल म्हणून गाजला. मित्राला हे सांगू नये. त्याच्याकडे तेवढीच श्रद्धा शिल्लक असते.

आता व्हिडिओ गेम. जुन्या बाजारात तो मिळेल. सोबत ‘९९९९९९९ इन १’ असे लिहिलेली पिवळी कॅसेट मिळेल, तिच्यात मोजून पाच-सहा गेम निघतील आणि उरलेले आकडे त्याच मारिओला वेगवेगळ्या पातळ्यांवरून सुरू करण्याचे निघतील. विक्रेत्याशी या आकड्यावरून भांडू नये. लहानपणी भांडलो नाही, आता कसले भांडता?

कॅसेट लागली नाही तर काढून फुंकर मारायची, हा आपला पिढीजात उपचार. निन्टेन्डोने त्याला मनाई केली होती, आणि कंपनीचे बरोबर होते. तोंडातली वाफ धातूच्या पट्ट्यांवर बसते आणि त्या काळवंडतात. गेम सुरू होतो तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे, संपर्क नीट जुळल्यामुळे. योग्य रीत म्हणजे कानातल्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसणे. पुसून झाल्यावर, कुणी पाहत नाही याची खात्री करून, फुंकर मारावी.

खरी अडचण बंदुकीची आहे, आणि तिच्यावर संसार अवलंबून असल्याने ती नीट समजून घ्यावी. ‘डक हंट’मधली बंदूक काही सोडत नाही, ती फक्त बघते. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि नळीतला प्रकाशसंवेदक आधी काळोख, मग उजेड दिसला का ते तपासतो. आधीचा काळोख यासाठी की पोरांनी घरातल्या बल्बवर नेम धरून बदके मारू नयेत. हा सगळा हिशेब जुन्या, पाठीमागे पोट सुटलेल्या टीव्हीच्या वेळेवर बसवलेला आहे. नवा सपाट टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, तेवढ्यात बंदुकीची वेळ निघून जाते आणि गेममधला कुत्रा तुम्हाला हसतो. तात्पर्य, डबा टीव्ही घरात आणावा लागतो.

तो कसा आणावा? मुळीच विचारू नये. पत्नी माहेरी गेलेली असताना आणावा, त्यावर भरतकामाचे आच्छादन घालावे आणि वर गणपतीचा फोटो ठेवावा. फोटो हलवायचा कसा, या विचारात दोन-तीन महिने निघतात.

कॉमिक्सच्या बाबतीत शत्रू दोन, कसर आणि दिवाळीची साफसफाई. कसरीवर डांबरगोळ्या चालतात. १९६४ ते १९९० इंद्रजाल निघत होते. त्या अंकांच्या पिना आता गंजल्या असतील, त्या अलगद काढाव्यात. साफसफाईवर मात्र औषध नाही. पत्नी वेताळाचा अंक दोन बोटांत धरून विचारेल, “याचे किती येतील?” हा सापळा आहे. आकडा मोठा सांगितला तर, “मग विकून टाक ना.” लहान सांगितला तर, “मग रद्दीत घालू.” उत्तर एकच, “बाबांनी आणला होता.” वडिलांनी प्रत्यक्षात एकही अंक आणला नसून दोन फाडले होते, ही बाब इथे गौण आहे.

उपकरणांबद्दल थोडक्यात. वॉकमनमधले सेल काढून ठेवावेत, नाहीतर पाझरतात. आतला रबरी पट्टा कालांतराने डांबरासारखा होतो, तो हाताला लागला तर साडेसातीइतका टिकतो. बारीक पिनेचे नोकियाचे चार्जर फेकू नयेत. का, ते विचारू नये. १९७९ च्या पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन छिद्रे होती आणि ऐकता ऐकता एकमेकांशी बोलता यावे म्हणून एक नारिंगी बटणही होते. सोनीने ते पुढच्या मॉडेलमधून काढले, यावरून जपानी संसारांविषयी काय तो अंदाज करावा.

शेवटी वारसा. मूल नऊ-दहा वर्षांचे झाले की त्याला ‘काँट्रा’ला बसवावे. तीस जिवांचा कोड लगेच सांगू नये. तीन जीव पुष्कळदा गमावू द्यावेत, रडू द्यावे, मग संथा दिल्याप्रमाणे सांगावे: वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे, बी, ए. दोघे खेळत असाल तर पुढे सिलेक्ट, मग स्टार्ट. १९८६ मध्ये काझुहिसा हाशिमोतो या प्रोग्रॅमरला ‘ग्रेडियस’ची चाचणी घेताना स्वतःचाच गेम झेपेना म्हणून त्याने हा रचला, हेही सांगावे. मूल म्हणेल, “माहितीये, मोबाइलवर बघितलं.” दुखावल्याचे दाखवू नये, दुसरा रिमोट उचलावा. धबधब्याच्या पातळीवर एक खेळाडू भराभर वर चढला की पडदा सरकतो आणि खाली राहिलेला मरतो, म्हणून वरच्याने खालच्यासाठी थांबायचे असते. मुले थांबत नाहीत. तेव्हा वर आधी आपण चढावे.