समुद्रसपाटीपासून 300 मीटरवरचा दर्यावर्दी

रायपूरचा समुद्राशी अधिकृत संबंध रेल्वे स्टेशनवरच्या पिवळ्या पाटीपुरता. गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहायची पद्धत आहे. इथे ती सुमारे 300 मीटर भरते. एरवी शहराचं समुद्रावाचून काही अडलं नाही, आणि जे थोडंफार अडलं ते त्याने बारसं करून भागवलं. तेलीबांधा तलावाचा काठ म्हणजे मरीन ड्राइव्ह. धमतरीजवळ महानदीवरच्या गंगरेल धरणाचा काठ म्हणजे मिनी गोवा. इतकी पूर्वतयारी झालेल्या गावात एखादा दर्यावर्दी जन्माला आला नसता तरच नवल.

हा दर्यावर्दी मराठी घरातला असतो. राहायला तात्यापारा, नाहीतर चौबे कॉलनी. आजोबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात, वडील वीज मंडळात, आणि तो स्वतः ‘रिमोट’. इंजिनिअरिंग नागपूरला, नोकरी पुण्याला. 2020 च्या टाळेबंदीत लॅपटॉप घेऊन घरी आला तो परत गेलाच नाही. गच्चीवरच्या खोलीत बसून तो पुण्यातल्या कंपनीचं काम करतो आणि जीव बंगालच्या उपसागरात ठेवतो. वय तिशीच्या पुढचं, मनगटावर रंग गेलेला दोरा, दंडावर लाटेचं गोंदण. केस मात्र खाऱ्या वाऱ्याने राठ झाल्यासारखे दिसावेत म्हणून विकत आणलेल्या फवाऱ्याने राठ केलेले.

काय करतोस, असं विचारलं की तो नोकरीचं नाव सांगत नाही. “सकाळी योग, संध्याकाळी समुद्र, मधल्या वेळात थोडं काम. आयुष्य असं बांधायचंय, काका,” असं म्हणतो. काका महाराष्ट्र मंडळातले जुने सभासद. ते शांतपणे विचारतात, “अन् समुद्र कुठे बांधणार आहेस?”

प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. दुर्ग-विशाखापट्टणम वंदे भारत सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झाली. ती रायपुरातून सकाळी सहाच्या सुमारास निघते आणि दुपारच्या जेवणाची वेळ टळायच्या आत विशाखापट्टणमला पोचते. तिथला ऋषिकोंडा आणि पुरीचा गोल्डन बीच, दोन्हींना 2020 मध्ये स्वच्छ किनाऱ्यांना मिळणारा ‘ब्लू फ्लॅग’ मिळाला, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. शिवाय रायपूर ते विशाखापट्टणम 464 किलोमीटरचा सहापदरी रस्ता होतो आहे. सरकारी कागदांत या रस्त्याचं कारण खनिजं, पोलाद आणि बंदर असं लिहिलेलं आहे. आपला दर्यावर्दी तो रस्ता आपल्यासाठीच बांधला जातो आहे असं धरून चालतो. जमिनीच्या दलालांसारखा तोही नकाशावर बोट फिरवून कुठल्या वळणावरून समुद्र दिसायला लागेल ते दाखवतो.

खरं म्हणजे या वाटेने मराठी माणूस पूर्वीही गेलेला आहे. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे भास्करपंत छत्तीसगडात शिरले. पुढे 1751 ते 1803 ओडिशा भोसल्यांकडे होता. कोणार्कच्या ओसाड सूर्यमंदिरापुढचा अरुणस्तंभ उचलून पुरीत जगन्नाथाच्या सिंहद्वारासमोर उभा केला तो त्याच काळात. एवढा दगडी खांब वाळूतून ओढत नेणाऱ्यांच्या वंशजाला नऊ फुटी फोमचा बोर्ड रेल्वेत चढवता येत नाही, ही मात्र शोकांतिका. डब्यात सोबत न्यायच्या पेटीला रेल्वेची मर्यादा 100 बाय 60 बाय 25 सेंटिमीटर. त्यापुढचं सामान ब्रेकव्हॅनमध्ये. पार्सल ऑफिसातल्या बाबूने ‘सर्फबोर्ड’ हा शब्द रकान्यात कसा भरायचा यावर बराच विचार केला आणि शेवटी ‘फर्निचर’ लिहिलं. तेव्हापासून आपला गृहस्थ बोर्ड तिकडेच भाड्याने घेतो.

योगाचं प्रकरण मात्र त्याने रीतसर केलं आहे. अमेरिकेतल्या योगा अलायन्सच्या मोजमापाने 200 तासांचा शिक्षकवर्ग असतो. ऋषिकेशात आणि गोव्यात तो महिन्याभरात उरकतात. त्याने तो गोव्यात मांद्र्याला केला. योग शिकवणारी जर्मन, शिकणारे अकरा देशांचे, आणि सूर्यनमस्कार शिकायला भरलेली रक्कम ऐकून वडिलांचा श्वास जो रोखला गेला तो प्राणायामात धरायचा की नाही, यावर घरात मतभेद आहेत. औंधच्या पंतप्रतिनिधींनी शंभर वर्षांपूर्वी आपल्या संस्थानातल्या शाळांत पोरांकडून हेच घालून घेतले होते, फुकट, आणि न घालून चालत नसे.

घरातच आत्या आहे. ती नागपूरला रामनगरात वाढली. तिथल्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात 1951 पासून योग विनामूल्य शिकवतात. आत्या शाळेत असताना तिथे जाऊ लागली आणि आज सत्तरीतही सर्वांगासनात राहून मोलकरणीला सूचना देते. भाच्याने प्रमाणपत्र दाखवलं तेव्हा तिने ते चष्मा लावून पूर्ण वाचलं. मग म्हणाली, “छान आहे. आता टाचा टेकवून दाखव.”

टाचा टेकल्या नाहीत.

तरीही योग आणि लाट यांची सोयरीक त्याने उगाच जुळवलेली नाही. बोर्डवर पालथं पडून हातांनी पाणी मारत राहायचं, लाट मागून आली की भुजंगासनासारखी छाती उचलायची आणि एका झटक्यात दोन्ही पाय खाली घेऊन उभं राहायचं. या झटक्याला पॉप-अप म्हणतात. पाण्यातला बहुतेक वेळ जातो तो वल्हवण्यात आणि वाट पाहण्यात. उभं राहणं सेकंदांचं. म्हणून खांदे, कंबर आणि श्वास तयार लागतात. पॉप-अपचा सराव कोरड्या जमिनीवरच करायचा असतो, आणि कोरडी जमीन ही एक गोष्ट रायपुरात मुबलक आहे.

तर त्याने गच्चीवर खडूने नऊ फुटी बोर्डाची आकृती काढली. अडचण अशी की नवतपाचं कडक ऊन हे आईच्या कुरडयांचंही ऊन असतं. पहाटे साडेपाचला तो आकृतीवर पालथा पडतो, पॉप-अप करतो, आणि उजवा पाय धोतरावर वाळत घातलेल्या कुरडयांच्या तिसऱ्या रांगेत पडतो. खालून आईचा आवाज येतो, “अरे, काय करून राहिलास वर?” त्यावर “लाट पकडून राहिलोय” हे उत्तर त्याने एकदाच दिलं.

प्रत्यक्ष लाटेचा योग वर्षातून तीन-चारदा येतो. पुरी-कोणार्क रस्त्यावर रामचंडीजवळ 2012 मध्ये पहिला इंडिया सर्फ फेस्टिव्हल भरला. भरवणाऱ्या मंडळाचं नावच ‘सर्फिंग योगीज’. हे कळल्यावर आपलं आयुष्य वर कुठेतरी आधीच मंजूर झालेलं आहे अशी त्याची खात्री पटली. पुरीच्या किनाऱ्यावर नोलिया असतात, वेताच्या टोकदार टोप्या घालणारे कोळी. ओंडके बांधून केलेल्या होड्या फुटत्या लाटांतून काढण्यात त्यांच्या पिढ्या गेल्या. यात्रेकरूंचा हात धरून समुद्रस्नान घालणं हा त्यांचा जोडधंदा. दर्यावर्दी पाण्याकडे तोंड करून वीरभद्रासनात उभा राहिला की एखादा नोलिया जवळ येतो, त्याला नीट न्याहाळतो आणि हात पुढे करतो. “आजींना आणलं नाही?”

आजी आलेली नसते. तिची यादी आलेली असते. “पुरीला जाऊन राहिलास तर महाप्रसाद आण बापा, अन् खाजा आण.” तो खाजा आणतो. सोबत चित्रफीतही आणतो. तीत तो फेसाळ पाण्यात तीन सेकंद उभा आहे. गती कमी केल्यावर बारा सेकंद होतात, आणि बासरी जोडल्यावर साधना होते.

त्याचं दैवत मुल्कीला. मंगळुरूजवळच्या या गावी जॅक हेबनर या अमेरिकन संन्याशाने 2004 मध्ये आश्रमातच सर्फिंगचा क्लब काढला; जग त्यांना ‘सर्फिंग स्वामी’ म्हणू लागलं. तिथे पहाटे उठणं, जप, शाकाहार, आणि दारू-सिगारेट बंद. दर्यावर्दी तिथे आठवडाभर राहून आला. लाटांबद्दल तो भरभरून बोलतो. पहाटे चारबद्दल विचारलं की विषय बदलतो.

यातली खरी गंमत त्याला ठाऊक आहे आणि तो ती प्रामाणिकपणे सांगतोही. भारतात जे लाटांवर खरंच उभे राहतात त्यांनी आयुष्य कशाभोवती बांधलं वगैरे नसतं. चेन्नईजवळच्या कोवलमला सर्फिंग रुजवणारा मूर्ती मेगवन मच्छीमाराचा मुलगा. ऑगस्ट 2025 मध्ये महाबलीपुरमला आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहालने कांस्यपदक मिळवलं, भारताचं त्या स्पर्धेतलं पहिलं वैयक्तिक पदक. रमेशचे आईवडील कर्नाटकातून केरळच्या कोवळमला येऊन किनाऱ्यावर किरकोळ दागिने विकत. तिथल्या सर्फ क्लबचा नियम एकच होता: शाळेत जाणार नाही त्याला बोर्ड मिळणार नाही. बोर्डासाठी ती पोरं शाळेत गेली, आणि हा सगळं शिकून झाल्यावर बोर्डाकडे निघाला आहे.

तूर्तास निघणं लांबलं आहे. घराचा हप्ता आहे, लग्नाची स्थळं आहेत, आणि गच्चीवर एक भलतीच भानगड उभी राहिली आहे. कुरडया उतरल्यावर शेजारच्या दोन काकू कंबरदुखीसाठी येऊ लागल्या. मग काका आले. मग काकांचे मंडळातले मित्र. आता पहाटे तिथे पंधरा-वीस माणसं असतात. शिकवतो तो, आणि टाचा तपासते आत्या. शिष्यांपैकी कुणालाही समुद्रावर जायचं नाही. नाश्त्याला पोहे-जिलेबी असते. दर्यावर्दी एकटा बोरे-बासी खातो. रात्रभर पाण्यात ठेवलेला तोच छत्तीसगडी भात, वर कांदा. पण वाडग्याच्या कडेने फुलं मांडून खातो. त्याच्या टाचाही अलीकडे टेकतात, हे आत्याने आपणहून सांगितलं.

त्याचं भाषण ऐकून कुणी पुरीची तिकिटं काढलीच, तर त्याचं एवढं मात्र ऐकावं. तिथल्या पाण्याला आत ओढ फार आहे. एकट्याने उतरू नका, शिकवणारा नाहीतर नोलिया जवळ असू द्या, बोर्डाची दोरी घोट्याला बांधा. पाणी आत खेचू लागलं तर त्याच्याशी झुंजत सरळ किनाऱ्याकडे पोहू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरका आणि मग बाहेर या. आणि येताना खाजा आणा.